इंग्रजीची 35 मिनिटं आणि घरची 10 मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत यंदा शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. सहावी ते आठवीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. मराठी माध्यम, प्रत्येक वर्गात 38 च्या आसपास मुलं, तासिका 35 मिनिटांची. मी धडा वाचतो, ओळीओळीचा अर्थ सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो. गृहपाठ निम्म्या मुलांचा येत नाही आणि ज्यांचा येतो तो गाइडमधून उतरवलेला असतो. रोज नेमकं काय घ्यावं, गृहपाठ किती द्यावा आणि एवढ्या वह्या तपासाव्यात कधी?"

सर, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं. एक वही खरोखर वाचून तपासायची तर दोन मिनिटं लागतात. 38 वह्यांची 76 मिनिटं झाली. तीन वर्ग धरले तर रोजचे पावणेचार तास. हे कुणालाच जमत नाही. मग आपण काय करतो? पान उलटतो, बरोबरची खूण करतो, खाली सही आणि तारीख टाकतो. मुलांच्या हे आठवडाभरात लक्षात येतं. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, फक्त पान भरलेलं लागतं, हे एकदा कळलं की पान भरण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे गाइड. त्यात मुलाची लबाडी मला दिसत नाही. आपण जे मागितलं तेच त्यानं आणून दिलं.

म्हणून माझा पहिला नियम असा: जो गृहपाठ दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या पाच मिनिटांत वापरला जाणार नाही, तो द्यायचाच नाही. तपासला जाणार नाही असं मी म्हणत नाही, वापरला जाणार नाही असं म्हणते आहे. फरक पुढे सांगते.

किती द्यावा, याचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सांगितला आहे, आणि तो सगळ्या विषयांचा मिळून. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे सहा विषय धरले तर इंग्रजीच्या वाट्याला 10 मिनिटं येतात. ही 10 मिनिटं मला कधीच कमी वाटली नाहीत. उलट त्यांनी मला विचार करायला लावलं. दहा मिनिटांत, घरी कुणी मदतीला नसताना, दिवे गेलेले असताना, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन हे मूल एकटं काय करू शकेल? त्याला जे वर्गात माझ्यासमोर एकदा जमलं आहे, तेवढंच ते करू शकेल. घरी ज्याच्या आईवडिलांना इंग्रजी येतं त्याची गोष्ट वेगळी, पण आपल्या वर्गात तशी मुलं किती?

मी हे सुरुवातीपासून करत होते असं नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही 'प्रश्नोत्तरं पाच वेळा लिहून आणा' असं सांगत असे. सातवीत एक मुलगा होता, त्याची वही वर्गात सगळ्यात देखणी. अक्षर टपोरं, समास आखलेला, एकही खाडाखोड नाही. ती वही मी इतर मुलांना दाखवत असे. एकदा सहज त्याच्याच वहीतली एक ओळ त्याला वाचायला सांगितली आणि तो गप्प उभा राहिला. दुसरी ओळ दाखवली, तरी गप्प. मग कळलं की तो अक्षरांची चित्रं काढत होता. दोन वर्षं त्यानं रोज तासभर बसून चित्रं काढली होती आणि त्याखाली मी सह्या केल्या होत्या. त्या मुलाचा खाली गेलेला चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून उतरवून आणण्याचा गृहपाठ मी बंद केला. सुलेखनासाठी आठवड्यातून एकदा तीन ओळी देते, तेही ज्यांना गरज आहे त्यांनाच.

आता तासिकेकडे येऊ. ओळ वाचून अर्थ सांगण्याची पद्धत आपण सगळेच आपल्या शिक्षकांकडून शिकलो, म्हणून ती हातातून सुटत नाही. तिचा तोटा एकच, पण मोठा आहे: मुलांचा कान इंग्रजी ओळीकडे लागतच नाही. ओळ संपली की मराठी येणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ती मराठीची वाट बघत बसतात. यावर मराठी बंद करणं हा उपाय नाही. सहावीच्या मुलाला संपूर्ण इंग्रजीत शिकवायला गेलात तर तो शांतपणे दुसरीकडे बघू लागेल. मराठी आधी आणा, नंतर नको. धड्याचा आज घ्यायचा जो तुकडा असेल, आठ-दहा ओळींचा, त्याची गोष्ट आधी दोन मिनिटांत मराठीतून सांगून टाका. कोण आहे, कुठे जातं, काय घडतं. एखादी गोष्ट मात्र राखून ठेवा. 'शेवटी तिनं त्याला काय दिलं, ते मी सांगत नाही, ते इंग्रजीत आहे.' मग पुस्तक मिटलेलं ठेवून तुकडा सावकाश वाचा. मुलांना गोष्ट माहीत आहे, त्यामुळे ओळखीचे शब्द कानाला लागतात, आणि राखलेल्या गोष्टीसाठी कान उभे राहतात. दुसऱ्यांदा वाचताना पुस्तक उघडं, बोट ओळीवर. तिसऱ्यांदा मुलं माझ्यामागून म्हणतात. एवढं सगळं बारा मिनिटांत होतं. ओळीओळीचा अर्थ सांगायलाही तेवढाच वेळ लागतो.

त्यानंतरचे प्रश्न आधी असे विचारा की ज्यांना 'येस' किंवा 'नो' पुरेल. मग दोनांतला एक निवडण्याचे: 'डिड शी गिव्ह हिम मनी ऑर फूड?' उत्तर प्रश्नातच असतं, मुलाला ते फक्त उचलायचं असतं. 'व्हाय'चा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि त्याचं उत्तर मराठीत आलं तरी घ्या. मूल मराठीत बोललं तर तुम्ही तेच इंग्रजीत म्हणा आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. त्यात त्याचा अपमान होत नाही आणि विचारही अडत नाही.

उरलेल्या वेळात प्रत्येक मुलानं स्वतःचं एक वाक्य बोललं पाहिजे आणि एक लिहिलं पाहिजे. 38 जणांनी माझ्यासमोर बोलायचं ठरवलं तर तासिका तिथेच संपेल, म्हणून बाकावरच्या जोड्या करा. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलट. वर्गात कालवा होईल. शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावतील. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की रोज पाच मिनिटं माझ्या वर्गातून आवाज येईल. शेवटची दोन मिनिटं गृहपाठासाठी राखा. घंटा वाजल्यावर दाराकडे पळणाऱ्या मुलांना ओरडून सांगितलेला गृहपाठ कुणाच्या कानावर जात नाही.

एक खरी मालिका सांगते, म्हणजे तासिका आणि गृहपाठ एकमेकांना कसे जोडतात ते दिसेल. सातवीत वर्तमानकाळातला तो 'एस' घ्यायचा होता. 'आय गेट अप', पण 'शी गेट्स अप'. सोमवारी मी मुलांना माझ्या आईचा दिवस सांगितला, सहा वाक्यांत. ती कधी उठते, चूल कधी पेटवते, शेतात कधी जाते. फळ्यावर घड्याळाची चित्रं काढली, मुलांनी ऐकून वेळ दाखवली. गृहपाठ एवढाच: आईला मराठीत विचारा, किती वाजता उठते, आणि वहीत एकच इंग्रजी वाक्य लिहून आणा. 'माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह.' साचा फळ्यावर होता, बदलायची होती फक्त वेळ.

हे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही. शेजाऱ्याच्या वहीतूनही उतरवता येत नाही, कारण त्याची आई वेगळ्या वेळी उठते. आणि मूल विसरून आलं तरी सकाळी वर्गात अंदाजानं का होईना लिहू शकतं.

मंगळवारी पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर चार, साडेचार, पाच, साडेपाच, सहा असे रकाने आखले. प्रत्येकानं उभं राहून आपलं वाक्य वाचलं आणि त्या रकान्यात एक रेघ पडली. सगळ्यात जास्त रेघा पाचच्या खाली. चारच्या खाली तीन होत्या. त्या तीन मुलींना मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या आया पाण्यासाठी लवकर उठतात. त्यावर वर्ग दोन मिनिटं मराठीत बोलला आणि मी बोलू दिलं. मग फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, 'हू गेट्स अप ॲट फोर?' वाक्याचा 'एस' त्या दिवशी 38 वेळा कानावर पडला होता, मी व्याकरणाचा एक शब्दही न काढता. गृहपाठ 'वापरणं' मी म्हणते ते हेच. कुणाचं वाक्य चुकलं ते वाचतानाच कळलं, त्यानं तिथेच दुरुस्त केलं, तपासणीही झाली. एकही वही मी घरी नेली नाही.

मंगळवारचा गृहपाठ वडिलांचा होता. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती इंग्रजीच्या पुस्तकात सापडत नाही, कारण ती मराठीतून येते. आई आपण एकेरी म्हणतो: 'माझी आई उठते.' वडिलांना आदरार्थी बहुवचन लावतो: 'माझे वडील उठतात.' मुलाच्या मनात ते बहुवचन असतं, म्हणून ते 'माय फादर गेट अप' लिहितं, किंवा 'माय फादर आर फार्मर'. त्याला निष्काळजी म्हणू नका, ते आपल्या घरची रीत इंग्रजीत घेऊन आलं आहे. म्हणून मी सुरुवात नेहमी आईपासून करते, तिथे मराठी मदत करते. वडील दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा स्पष्ट सांगते: 'इंग्रजीत वडीलही एकटेच असतात. मान द्यायचा तो आवाजातून द्या.' हे ऐकून मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. एका मुलानं लिहून आणलं होतं, 'माय फादर गोज टू वर्क ॲट नाइट.' त्याचे वडील माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला होते. वर्गात बाकी सगळ्यांची वाक्यं 'इन द मॉर्निंग'ची, त्याचं एकट्याचं वेगळं. ते वाक्य मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आठवडाभर ठेवलं.

अशा मराठीतून येणाऱ्या चुकांची एक वही तुम्ही स्वतःसाठी करा. धडे आखताना ती पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडते. खुर्ची 'ती' म्हणून मूल तिला 'शी' म्हणतं. 'तुझी आई किती वाजता उठते?' हा शब्दक्रम जसाच्या तसा उचलून 'युअर मदर व्हॉट टाइम गेट अप' येतं. 'मला दोन भाऊ आहेत' यातला 'मला' सुटत नाही, मग 'टू मी टू ब्रदर्स आर'. 'परवा' हा आपला शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून परवाचं वाक्य भूतकाळात की भविष्यकाळात, हे आधी मराठीत विचारून घ्यावं लागतं. 'अ' आणि 'द' ही तर मराठीत नाहीतच, ती मुलं वर्षभर गाळतील. मी सहावीत त्यावर लाल शाई वाया घालवत नाही.

गृहपाठाचे जे प्रकार मला टिकाऊ वाटले त्यांतला घरच्या माणसाला प्रश्न विचारण्याचा प्रकार सांगितलाच. दुसरा आहे घरातलं इंग्रजी शोधण्याचा. इंग्रजी आपल्या मुलांच्या घरात भरपूर असतं, फक्त त्याकडे कुणी बोट दाखवलेलं नसतं. बियाण्याचं पाकीट, खताची गोणी, औषधाच्या गोळ्यांचं पान, साबणाचा कागद, मोबाइलचा पडदा. 'घरातून तीन इंग्रजी शब्द आणा, कुठे सापडले तेही सांगा.' सहावीत पहिल्या आठवड्यात हाच गृहपाठ देते. एका मुलीनं कीटकनाशकाच्या बाटलीवरून 'पॉयझन' आणला, दुसऱ्यानं गोळ्यांच्या पानावरून 'एक्सपायरी'. त्या शब्दाचा अर्थ समजल्यावर त्यानं घरी जाऊन आजोबांच्या सगळ्या गोळ्या तपासल्या आणि दोन पानं काढून टाकली. पुढचा महिनाभर तो शब्द वर्गात कुणाचाही चुकला नाही. विषारी बाटल्यांना हात न लावता, लांबूनच वाचायचं, ही सूचना मात्र स्पष्ट द्या. 2023-24 पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकांत कोरी पानं होती, तेव्हा हे शब्द तिथे लिहायची सोय होती. ती पानं आता गेली, पण शब्दांसाठी वहीची शेवटची चार पानं राखून ठेवली तरी काम होतं.

तिसरा प्रकार माझा सगळ्यात आवडता. वर्गात वाचलेली गोष्ट घरी आजीला किंवा आजोबांना मराठीत सांगायची, आणि ऐकून त्यांनी काय विचारलं, तो प्रश्न घेऊन यायचा. लिहायचं काहीच नाही. पण प्रश्न आणायचा तर गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट सांगायची तर ती इंग्रजीत समजलेली असावी लागते. आज्या फार नेमकं विचारतात. 'त्या पोराची आई कुठं होती तवा?' असा एक प्रश्न आला होता. धड्यात खरंच आईचा उल्लेख नव्हता. मी तो प्रश्न मुलांच्या मदतीनं फळ्यावर इंग्रजीत केला, 'व्हेअर वॉज हिज मदर?', आणि वर्गानं धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, उत्तर शोधण्यासाठी. मी सांगून कधी कुणी धडा दुसऱ्यांदा वाचला नव्हता.

चौथा प्रकार शब्दलेखनाचा. पाच शब्द किंवा दोन वाक्यं पाहायची, पान झाकायचं, लिहायचं, उघडून स्वतः तपासायचं, चुकलं तर बाजूला पुन्हा. पाच वेळा लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण झाकल्यावर शब्द डोक्यातून काढावा लागतो. नुसतं उतरवताना तो डोळ्यांतून हातात जातो, मध्ये कुठे थांबत नाही.

जी मुलं पुढे आहेत, आठवीची विशेषतः, त्यांच्यासाठी एक युक्ती मी इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पातून घेतली. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत हे करून पाहिलं. व्याकरण शिकवण्याऐवजी मुलांना इंग्रजीतून एखादं कोडं सोडवायला द्यायचं: वेळापत्रक, नकाशा, हिशेब. आधी तसंच एक काम शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर तोंडी करतो, मग त्याच धर्तीचं दुसरं मूल एकटं करतं. मी एसटीचं वेळापत्रक घेते. वर्गात सिन्नरहून शिर्डीच्या गाड्यांवर प्रश्न सोडवतो: 'विच बस रीचेस बिफोर टेन?' घरी नाशिकच्या गाड्यांवर तसेच चार प्रश्न. काम कितपत अवघड असावं, यासाठी प्रभूंचं माप मला पटतं: निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं पाहिजे. त्याहून कमी जमलं तर काम अवघड होतं, ते मूल कच्चं आहे असं समजू नका.

तपासणीचं राहिलं. रोज पहिल्या पाच मिनिटांत गृहपाठ तोंडी वापरला जातो, म्हणजे प्रत्येकानं काय केलं ते मला कानांनी कळतं. त्याखेरीज रोज एका वर्गाच्या आठ वह्या मी नीट वाचते. पाच दिवसांत 40 होतात, म्हणजे आठवड्यात प्रत्येक मूल एकदा येतं. कोणत्या दिवशी कुणाची पाळी, हे मुलांना आधी माहीत असतं. तीन वर्गांच्या मिळून 24 वह्या, 48 मिनिटं. ही मधल्या सुट्टीत आणि एखाद्या मोकळ्या तासिकेत बसतात. वाचताना सगळ्या चुका लाल करत नाही. आठवड्याची एक चूक ठरवते, समजा तोच 'एस', आणि फक्त त्याच्याखाली रेघ ओढते. दुरुस्त मात्र करत नाही, ते मुलानं करायचं. पानाच्या शेवटी एक ओळ लिहिते, मजकुराबद्दल. 'तुझी आजी कोणत्या गावची?' असं काहीतरी. त्या ओळीचं उत्तर लिहून आणायला मुलं धडपडतात, आणि तो गृहपाठ मी दिलेलाही नसतो.

ही नोंद वाया जात नाही. 2010 पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, भागाला सहावीसाठी 50 टक्के आणि सातवी-आठवीसाठी 40 टक्के वजन आहे, आणि त्यात तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय ही साधनं आहेतच. माझ्या हजेरीपटाशेजारी एक आखलेलं पान असतं, त्यात कोण वाक्य सांगू शकलं, कोण अडलं, हे दोन खुणांत टिपते. सत्राच्या शेवटी नोंदी बसून रचाव्या लागत नाहीत, आणि केंद्रप्रमुखांनी विचारलं तर ते पानच पुढे करते.

ज्यानं गृहपाठ केलाच नाही, त्याचं काय? उभं करू नका, वर्गाबाहेर तर मुळीच काढू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मनाई आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. बाहेर काढलेल्या मुलाची ती तासिकाही गेली आणि उद्याचा गृहपाठही गेला. त्याला पाच मिनिटांत तोंडी विचारा, 'बरं, आत्ता सांग, आई कधी उठते?' तो सांगतो, मग शेजारी बसून लिहितो. सलग तीन दिवस असं झालं तर सुट्टीत एकट्याला बोलावून कारण विचारा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चालते, तेव्हा मोठी मुलं शाळा सुटल्यावर वाफ्यात असतात, अंधार पडल्यावर घरी येतात. त्या दोन महिन्यांत मी लिहायचा गृहपाठ देतच नाही. शेतात दिसणाऱ्या पाच गोष्टींची इंग्रजी नावं तोंडपाठ, किंवा आजीचा प्रश्न. तुमच्या भागात ऊस असेल, भात असेल, मासेमारी असेल. कामाचे ते आठवडे वार्षिक नियोजनातच खूण करून ठेवा. आणि मोबाइलवर अवलंबून असलेला गृहपाठ टाळा. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर बाहेर असतो. क्यूआर कोडचा धडा शाळेत सगळ्यांना एकत्र दाखवा.

सहावीत तुम्हाला काही मुलं अशी भेटतील, ज्यांना इंग्रजी वाचताच येत नाही. राज्यात 2000 पासून पहिलीला इंग्रजी आहे, म्हणजे ती पाच वर्षं ते ऐकत आली आहेत. त्यांना शब्द माहीत असतात, अक्षरांचे आवाज जुळत नाहीत. बाराखडीची सवय असलेल्या मुलाला एकच 'ए' कधी 'अॅ', कधी 'आ', कधी 'ए' का, हे कोडं पडतं, आणि ते कोडं खरंच अवघड आहे. अशा सात-आठ मुलांना मी रोज परिपाठाच्या आधी दहा मिनिटं घेते. एकसारखे शब्द एकत्र: कॅट, मॅट, रॅट, मग केक, लेक, मेक. त्यांचा गृहपाठही तेवढाच, सहा शब्द मोठ्यानं. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीच्या ओळीवर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहिणारी मुलं हमखास असतात. अनेक शिक्षक ते खोडून टाकायला लावतात. मी पहिल्या दिवशी लिहू देते. तिसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन मुलांनी स्वतःच खोडायचं, जे शब्द पाठ झाले तेवढेच. खोडलेल्या जागा मोजण्यात त्यांना फार आनंद वाटतो.

फळ्यावरची प्रश्नोत्तरं एकदम बंद करू नका. पालकांना वहीत ती हवी असतात, परीक्षेतही लागतात. शनिवारची सकाळ त्यासाठी ठेवा. प्रश्न वाचायचा, उत्तर मुलांनी सांगायचं, मोडकंतोडकं चालेल, आपण त्यांचेच शब्द फळ्यावर सरळ करून मांडायचे. एका प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं आली तर तिन्ही लिहा, ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं. पहिल्याच शनिवारी तुम्हाला दिसेल, मुलं आपलं सांगितलेलं वाक्य फळ्यावर आलं की शेजाऱ्याला कोपरानं ढोसतात.

हे सगळं तिन्ही वर्गांत एकदम सुरू करू नका. येत्या सोमवारी फक्त सहावीत करा, घरातले तीन शब्द. आठवडाभर तेवढंच आणि रोजची आठ वह्यांची पाळी. सातवीत आईच्या उठण्याचं वाक्य पुढच्या आठवड्यात. आठवीला शिष्यवृत्तीची तयारी असेल तर तिथे वेळापत्रकाची कोडी दिवाळीनंतर घेतली तरी चालतील. पहिल्या दिवशी दहा-बारा मुलं शब्द आणतील. त्यांचे शब्द फळ्यावर त्यांच्याच हातानं लिहू द्या, खाली त्यांचं नाव घाला, आणि संध्याकाळपर्यंत फळा पुसू नका.